सोळा गोल खाल्लेल्या पोरींचा संघ

तीन सामने, तीन पराभव, केलेले गोल शून्य, खाल्लेले सोळा. 2022 च्या ऑक्टोबरात भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाने विश्वचषकात केलेली ही कमाई. 11 तारखेला अमेरिकेने 8-0 हरवले, 14 ला मोरोक्कोने 3-0, 17 ला ब्राझीलने 5-0. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता, त्यामुळे ‘फुकटात गेल्या आणि हरून आल्या’ असे म्हणायला लोक मोकळे होते, आणि ते म्हणालेही.

पण त्या मुली मैदानावर कशा अवस्थेत उतरल्या तेही पाहा. स्पर्धा खरे तर 2020 ची. कोरोनामुळे आधी पुढे ढकलली, मग रद्द झाली आणि 2022 ची भारताला मिळाली. तोवर पहिल्या तयारीतल्या कितीतरी मुलींचे वय उलटून गेले होते. सतरा वर्षांखालच्या संघाचे हेच दुखणे. मोठ्यांच्या संघात खेळाडू दहा-दहा वर्षे टिकते, इथे दोन वर्षांत अख्खा संघ म्हातारा होतो. त्यात जुलैमध्ये, युरोप दौरा चालू असताना, अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून संघाच्या सहप्रशिक्षकाला परत बोलावून काढून टाकावे लागले. 15 ऑगस्टला, ऐन स्वातंत्र्यदिनी, फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. अकरा दिवसांनी बंदी उठली, तेव्हा उद्घाटनाला दीड महिना उरला होता. थोरांच्या भांडणात पोरींची तालीम, असा तो सगळा प्रकार.

प्रशिक्षक थॉमस डेनर्बी मात्र कसलेला माणूस. स्वीडनच्या महिलांना 2011 च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून देणारा. त्याच्या हाताखाली मोरोक्कोविरुद्ध मध्यंतरापर्यंत या मुलींनी एकही गोल होऊ दिला नव्हता. माझ्या मते त्या स्पर्धेतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ती पंचेचाळीस मिनिटे आहेत. अंतिम सामना नंतर नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबरला झाला आणि स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवून चषक राखला. आपल्या राज्यात विश्वचषकाची अंतिम लढत झाली. भारतीय संघातही पुण्याची काजोल डिसूझा होती. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची मात्र एकही मुलगी नव्हती.

होत्या त्या कुठल्या? बहुतेक मणिपूरच्या, झारखंडच्या, हरियाणाच्या. कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या गोराटोली या पाड्याची. विश्वचषकाच्या निमित्ताने प्रशासनाने तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचेच आईवडील रोजीने मजुरी करत होते, ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. वाचणाऱ्यांना ती हृदयद्रावक वाटली. आपल्याकडे एटापल्लीच्या किंवा जिवतीच्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही. साहेब येणार म्हटले की रस्ता होतो, हे त्याला ठाऊक आहे.

गुमला आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची तुलना मला राहून राहून करावीशी वाटते. दोन्हीकडे जंगल, मोह आणि धान. उरांवांची कुडुख भाषा गोंडी-माडियाच्याच द्राविडी कुळातली. दोन्हीकडे नक्षल चळवळीची झळ लागलेली, दोन्हीकडे मुले शाळेसाठी वसतिगृहात. मग तिकडे फुटबॉल पिकतो आणि इकडे का पिकत नाही? उत्तर रक्तात किंवा मातीत शोधू नये. तिकडे धान निघाले की गावोगाव फुटबॉलचे सामने लागतात आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. ‘खस्सी टूर्नामेंट’ म्हणतात त्याला. त्यातून मिशनच्या शाळा आणि सरकारी क्रीडा वसतिगृहे चुणचुणीत मुले-मुली उचलतात. तिथून शाळांचा सुब्रतो करंडक, ज्यात 2012 पासून मुलींचाही गट आहे, मग राज्याचा संघ, मग देशाचा. बोकडापासून विश्वचषकापर्यंत अशी शिडी लावलेली आहे. एक पायरी निसटली तर पोरगी पुन्हा रोवणीलाच जाते.

अशीच शिडी सीमेपलीकडेही लागली आहे. बांगलादेशात मैमनसिंग जिल्ह्यात गारो टेकड्यांच्या पायथ्याला कलसिंदूर नावाचे खेडे आहे. प्राथमिक शाळांच्या मुलींसाठी सरकारने 2011 मध्ये फुटबॉल स्पर्धा सुरू केली आणि या एका खेड्याच्या शाळेतून राष्ट्रीय संघात मुली जाऊ लागल्या. त्यांतली मारिया मांडा ही गारो आदिवासी मुलगी पंधरा वर्षांखालील संघाची कर्णधार झाली. पुढे बांगलादेशाच्या महिलांनी 2022 आणि 2024 असे लागोपाठ दोनदा दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवले.

आपल्या मुलींच्या कामगिरीचा खरा आलेख म्हणूनच दक्षिण आशियात, बांगलादेशाशी झालेल्या झटापटीत दिसतो. तिथल्या मुलींच्या स्पर्धेची वयोमर्यादा कधी पंधरा, कधी सोळा, कधी सतरा, त्यामुळे नोंदी विखुरलेल्या आहेत. 2017 ला पंधरा वर्षांखालील अंतिम सामना बांगलादेशाने 1-0 जिंकला. 2018 ला थिंफूत भारताने त्याच फरकाने परतफेड केली, गोल सुनीता मुंडाचा. 2019 ला पुन्हा थिंफू, पुन्हा तेच दोन संघ, आणि पेनल्टीवर भारत. 2024 ला सोळा वर्षांखालील गटात पेनल्टीनेच घात केला. त्याच वर्षी ढाक्यात एकोणीस वर्षांखालील अंतिम सामन्यात तर कहर झाला. पेनल्टीत 11-11 अशी बरोबरी झाली म्हणून पंचांनी नाणे उडवले, कौल भारताकडे गेला, यजमानांनी गोंधळ घातला आणि अखेर दोघांनाही विजेते ठरवून सोडवणूक केली. 2025 च्या ऑगस्टमध्ये थिंफूला सतरा वर्षांखालील करंडक भारताकडे आला. त्यातला शेवटचा सामना बांगलादेशाने 4-3 जिंकला होता, पण गुणांचे गणित आधीच आपल्या बाजूने झाले होते.

दक्षिण आशियात जिंकणे आणि आशियात शिरणे यांत मात्र फार अंतर आहे. सतरा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत भारत 2005 नंतर दिसलाच नव्हता. 2025 च्या ऑक्टोबरात बिश्केकच्या पात्रता फेरीत तो योग जुळून आला. प्रशिक्षक पुन्हा स्वीडनचाच, योआकिम अलेक्झांडरसन. पहिल्या सामन्यात किर्गिझस्तानला 2-1 हरवले. 17 तारखेला उझबेकिस्तानने आधी गोल केला आणि मध्यंतराला आपण मागे होतो. उत्तरार्धात ठंडामणी बास्केने बरोबरी साधली आणि झारखंडच्या अनुष्का कुमारीने विजयी गोल मारला. पात्रता फेरी खेळून, स्वतःच्या पायाने, भारताने या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली ती ही पहिलीच वेळ.

त्याआधी दोनच महिने याच प्रशिक्षकाच्या वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला त्यांच्याच मैदानावर 1-0 हरवून वीस वर्षांनी आशियाई स्पर्धा गाठली होती. त्या संघात शुभांगी सिंग होती, नेहा होती, गोलरक्षक मोनालिशा देवी होती. तिघीही भुवनेश्वरच्या त्या सोळा गोलांच्या संघातल्या. हरलेल्या पोरींना घरी न पाठवता आणखी तीन वर्षे खेळवले, तर काय होते ते या एका निकालात दिसते. आणि संधीही आता वाढल्या आहेत. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक 2025 पासून दरवर्षी भरतो, सोळाऐवजी चोवीस संघांचा.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. पाय, फुप्फुस आणि जिद्द यांची इथे वाण नाही, हे 2018 मध्येच सिद्ध झाले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मध्ये बोर्डा, देवाडा आणि जिवती इथल्या आश्रमशाळांची मुले निवडली गेली आणि त्यांतली पाच जण त्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचली. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. काही महिन्यांच्या शिस्तबद्ध सरावात हे घडले. मैदानेही आहेत. बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडासंकुलात 2023 च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. आश्रमशाळांच्या स्पर्धा दरवर्षी प्रकल्प पातळीपासून राज्य पातळीपर्यंत होतात, पण त्या गाजतात मुख्यतः कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि हँडबॉलने. एव्हरेस्टला लाखो रुपये लागले. फुटबॉलला बावीस जणींत एक चेंडू लागतो. अर्थात बूट लागतात, अंडी-दूध लागते, महिला प्रशिक्षक लागते, आणि 2022 च्या जुलैने जे शिकवले ते पाहता मुलींबरोबर विश्वासाची बाई चोवीस तास लागते. तेवढा खर्च टाळता येणार नाही.

नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देऊन दाखवला, तो प्रयोग पडद्यावरही गेला. नागपूरहून चंद्रपूर तीन तासांवर आहे. शेजारच्या छत्तीसगडची किरण पिस्दा भारताच्या वरिष्ठ संघात खेळते. म्हणजे उदाहरण शोधायला झारखंडपर्यंत जायचीही गरज नाही.

एक सूचना करतो आणि थांबतो. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर अशी आदिवासी विकास विभागाची पाच प्रकल्प कार्यालये या दोन जिल्ह्यांत आहेत. प्रत्येकाने सतरा वर्षांखालील मुलींचा एक संघ उभा करावा आणि सुब्रतोच्या जिल्हा फेरीत उतरवावा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव शंकरपट आणि रात्री नाटक ठरलेलेच असते. आयोजकांनी त्याच दिवशी दुपारी धानाच्या बांधीत दोन खांब रोवून मुलींचा एक सामना लावावा. बक्षिसाला बोकड ठेवला तरी चालेल.