रोग लावून पारखलेला गहू

शेतकरी ज्या रोगाच्या धास्तीने झोप गमावतो, तोच रोग केनियातल्या न्जोरो इथल्या कृषी संशोधन केंद्रात मुद्दाम वाढवला जातो. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे. हवा थंड, वर्षाला गव्हाचे दोन हंगाम. हा रोग, म्हणजे गव्हाच्या खोडावर येणारा काळा तांबेरा, इथे जोमाने फोफावतो. २००५ पासून देशोदेशीचे गहू इथे परीक्षेला येतात.

निमित्त होतं युजी ९९ चं. युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या तांबेऱ्याच्या या प्रकाराने ‘एसआर ३१’ हे जनुक निकामी ठरवलं. राय या धान्यातून गव्हात आलेल्या या जनुकाच्या भरवशावर अनेक देशांतला गहू वर्षानुवर्षं सुरक्षित होता. वयाची नव्वदी ओलांडलेल्या गहूतज्ज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी तेव्हा जगाला सावध केलं.

पारखायच्या वाणांच्या छोट्या ओळी पेरतात आणि कडेने तांबेऱ्याला हमखास बळी पडणारा गहू लावतात. या कडेच्या रोपांवर बीजाणू फवारतात, काहींच्या खोडात सुईने टोचतातही. पुढचं काम वारा करतो. मग संशोधक ओळीओळीने फिरून खोडाचा किती टक्के भाग फोडांनी व्यापला, फोड केवढे आहेत, त्यांच्याभोवती पेशी मेल्या आहेत का, हे टिपतात. काही दिवसांनी पुन्हा तीच फेरी, कारण रोग किती वेगाने वाढतो हे एका नोंदीतून कळत नाही.

या वेगालाच खरं मोल आहे. एकही फोड नसलेली ओळ मोहात पाडते, पण तिचा सगळा भार बहुधा एकाच प्रबळ जनुकावर असतो. इथिओपियातल्या ‘दिगालू’ने हे दाखवून दिलं. युजी ९९ ला दाद न देणारा हा वाण तिथे मोठ्या क्षेत्रावर होता. २०१३ मध्ये तांबेऱ्याचा दुसराच प्रकार आला आणि काही शेतांत दाणाच हाती लागला नाही. ‘किंगबर्ड’ या वाणाची ताकद वेगळी. त्यात कमी-अधिक प्रभावाची अनेक जनुकं एकत्र आहेत. फोड थोडे येतात, पण रोग रेंगाळतो आणि तोवर दाणा भरतो.

महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या गहू गेरवा (तांबेरा) संशोधन केंद्रातही कृत्रिम लागण करून वाणांची पारख होते. मात्र युजी ९९ भारतात आढळलेला नाही, आणि केवळ चाचणीसाठी त्याचे बीजाणू इथे आणणं फार जोखमीचं. म्हणून भारतीय वाणांचं बियाणंच न्जोरोला पाठवलं जातं.