प्रापंचिक : मदतनीस की जबाबदार?

कॅथलिक चर्च म्हटले की बहुतेकांच्या नजरेसमोर पांढऱ्या झग्यातले फादर उभे राहतात. प्रत्यक्षात जगातल्या सुमारे १४० कोटी कॅथलिकांमागे धर्मगुरू आहेत ४ लाखांच्या आसपास. बाकीचे जवळजवळ सगळे प्रापंचिक, म्हणजे शेतकरी, नर्स, शिक्षक, बँकेतले कारकून, गृहिणी. मुलांना धर्मशिक्षण देणारे, मिस्सेत बायबलचे वाचन करणारे, लग्नाळू जोडप्यांची तयारी करून घेणारे आणि आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेणारे लोक त्यांच्यातलेच. नुसते धर्मशिक्षक मोजले तरी जगभरात त्यांची संख्या २५ लाखांहून अधिक भरते. एवढा मोठा कारभार ज्यांच्या जिवावर चालतो, त्यांची तयारी मात्र अनेकदा एखाद्या रविवारच्या शिबिरावर भागवली जाते. ‘फादरांना हातभार हवा’ एवढ्याच हेतूने दिलेल्या शिक्षणातून मदतनीस तयार होतात. प्रापंचिकांना शिकवायचे ते त्यांनी स्वतः विचार करावा, निर्णय घ्यावा आणि त्याची जबाबदारी पेलावी म्हणून, असे मला वाटते. असे शिक्षण गरज पडण्याआधी द्यावे लागते, कारण गरज पडते तेव्हा शिकवायला वेळ उरलेला नसतो.

पापुआ न्यू गिनीतल्या पीटर टो रोट यांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९१२ साली राकुनाई गावाच्या मुखियाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मिशनऱ्यांनी त्यांना तालिलिगाप इथल्या धर्मशिक्षकांच्या शाळेत घातले आणि शिकून ते गावी परतले. १९४२ साली जपानी सैन्याने बेट ताब्यात घेऊन मिशनऱ्यांना स्थानबद्ध केले. त्या दिवसापासून गावात धर्मगुरू उरला नाही. टो रोट यांनी प्रार्थनासभा चालू ठेवल्या, बाळांना स्नानसंस्कार दिला, विवाहांना साक्षी राहिले आणि मृतांना मूठमाती दिली. पुढे स्थानिक लोकांना खूश ठेवण्यासाठी जपान्यांनी बहुपत्नीत्वाला मोकळीक दिली, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. या विरोधापायी ते कैदेत पडले आणि जुलै १९४५मध्ये छावणीतच त्यांना ठार मारण्यात आले. ऑक्टोबर २०२५मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केले. त्यांच्या धैर्याचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण केवळ धैर्याने विधी चालवता येत नाहीत. काय करावे आणि काय आपल्या अधिकारात नाही, कुठे वाकावे आणि कुठे अजिबात वाकू नये, हा विवेक घडायला त्यांची शाळेतली वर्षे खर्ची पडली होती.

आपल्या भागाला हा विचार परका नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना चार प्रार्थना पाठ करून देऊन ते थांबले नाहीत. जुन्या-नव्या करारातली सगळी कथा त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांत मांडली आणि त्यात श्रोत्यांच्या शंकांनाही जागा दिली. श्रोता समजून घेऊ शकतो, यावर भरवसा असल्याशिवाय एवढा खटाटोप कोणी करत नाही. गोव्याचेच संत जोसेफ वाझ १६८७ साली श्रीलंकेत गेले, तेव्हा तिथे डच राजवटीत कॅथलिक धर्मावर बंदी होती. विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत ते एकटे वारंवार पोहोचू शकत नव्हते, म्हणून ठिकठिकाणच्या प्रापंचिकांवर त्यांनी प्रार्थना चालवण्याची आणि समाज बांधून ठेवण्याची जबाबदारी टाकली.

मग हे शिक्षण म्हणजे आणीबाणीची तजवीज का? चर्चची स्वतःची भूमिका तशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र आदेश काढला आणि त्यातले एक पूर्ण प्रकरण त्यांच्या शिक्षणाला दिले. स्नानसंस्काराबरोबरच प्रत्येकाला चर्चच्या कार्यात वाटा मिळतो, अशी परिषदेची मांडणी होती. त्यामुळे ज्या धर्मप्रांतात फादरांची मुळीच वाण नाही, तिथेही हे शिक्षण तितकेच लागू पडते. १९८३च्या धर्मसंहितेने ईशज्ञानाचा, म्हणजे थिऑलॉजीचा, अभ्यास करण्याचा प्रापंचिकांचा हक्क मान्य केला. सेवा पत्करणाऱ्याने योग्य शिक्षण घेतलेच पाहिजे, असे बंधनही घातले. मे २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कामाला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. या पदासाठी बायबल, ईशज्ञान, लोकांमधले काम आणि अध्यापन अशा सगळ्या अंगांनी तयारी हवी, असे त्यांनी म्हटले.

तयारी म्हणजे नुसते ग्रंथपठण नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने रुजवलेली आणि मुंबईतल्या छोट्या ख्रिस्ती समूहांतही वापरली जाणारी सात पायऱ्यांची पद्धत पाहा. शेजारची कुटुंबे एका घरात जमतात. प्रार्थना झाल्यावर शुभवर्तमानातला उतारा वाचला जातो. मग मनाला भिडलेला शब्द किंवा वाक्य जो तो मोठ्याने उच्चारतो, थोडा वेळ सगळे शांत बसतात आणि त्यानंतर काय उमगले ते एकमेकांना सांगतात. इथे कोणी प्रवचन देत नाही आणि कोणी कोणाची चूक काढत नाही. सहावी पायरी सर्वांत अवघड असते, कारण तिथे आता आपण करायचे काय, हे ठरवावे लागते. वस्तीतल्या पाण्याचा प्रश्न असेल किंवा दारूपायी मोडकळीला आलेले शेजारचे घर असेल, कोण जाणार आणि कधी जाणार हे ठरल्यावरच शेवटची प्रार्थना होते.

यावर पहिला आक्षेप असा की, शिकलेले प्रापंचिक अर्धे फादर होऊन बसतील. ही भीती खोटी नाही. वेदीजवळ मिरवायला मिळते म्हणून पुढे येणारे असतातच. पण सगळे शिक्षण वेदीभोवती फिरत राहिले की हा रोग वाढतो. परिषदेने प्रापंचिकांचे मुख्य क्षेत्र संसार, नोकरी-धंदा आणि राजकारण हे सांगितले आहे. लाच न घेणारा कारकून आणि घरकामाच्या बाईला पुरता पगार देणारी मालकीण तयार होत नसेल, तर वाचकाचा झगा कितीही शुभ्र असून उपयोग नाही. दुसरा आक्षेप साध्या श्रद्धेच्या बाजूने येतो. रोज रोझरी म्हणणाऱ्या आजीला पदविका कशाला? आजीला नकोच, श्रद्धेला प्रमाणपत्र लागत नाही. पण मूल गमावलेल्या आईजवळ चर्चच्या नावाने जाऊन बसणाऱ्याला ते लागते, कारण ‘देवाची इच्छा’ एवढे दोनच शब्द तिथे घाव घालू शकतात. तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा आहे आणि तो सर्वांत खरा आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस वर्षभराचा अभ्यासक्रम कसा करणार? म्हणून वर्ग संध्याकाळी, वस्तीत आणि लोकांच्या भाषेत घ्यावे लागतील. चर्चला कायम वाहून घेणाऱ्या प्रापंचिकाला रास्त मोबदल्याचा हक्क धर्मसंहितेनेच दिला आहे, तो कागदावर ठेवून चालणार नाही.

खरी कसोटी मात्र शिक्षण संपल्यावर लागते. शिकलेल्या माणसाला मत असते आणि ते मांडायला जागा लागते. धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, पण लोकांच्या आध्यात्मिक गरजांचा विचार करणारे पालकीय मंडळ नेमायचे की नाही, हे बिशपांच्या मर्जीवर आहे, आणि नेमले तरी त्याला फक्त सल्ला देता येतो. ऑक्टोबर २०२३च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, महिलांना प्रथमच मतदानाचा हक्क मिळाला. सिनडच्या २०२४च्या अंतिम दस्तऐवजाने अशी सल्लागार मंडळे सर्वत्र बंधनकारक करण्याचा आग्रह धरला. हिशेब तपासायला प्रापंचिक विश्वासाचे ठरतात, तर धर्मकार्याची दिशा ठरवतानाही ते विश्वासाचे ठरले पाहिजेत. चर्चची तेवढी तयारी नसेल, तर शिक्षणावर होणारा खर्च नाराज माणसे घडवण्यात जाईल.