मेलुकोटेच्या वाटेवरचा बाजार

१७९१ च्या मे महिन्याची अखेर. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याची फौज म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या राजधानीजवळून, श्रीरंगपट्टणाजवळून, माघारी निघाली होती. अरिकेरेची लढाई तिने जिंकली, पण पाऊस आणि उपासमार यांच्यापुढे तिचे काही चालले नाही. तोफा ओढणारे बैल पटापट मरत होते, धान्य सरत आले होते, छावणीत देवीची साथ होती. जड तोफा टिपूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी स्वतःच त्या निकामी करून टाकल्या. अशा अवस्थेत मेलुकोटेच्या वाटेवर घोडेस्वार दिसले. टिपूचेच असणार म्हणून तुकड्या लढाईला उभ्या राहिल्या. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठे. दोस्त इतका जवळ आल्याची खबर टिपूच्या स्वारांनी कॉर्नवॉलिसपर्यंत पोचूच दिली नव्हती.

मराठ्यांच्या लष्कराबरोबर त्यांचा बाजारही आला होता. विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, जुने कपडे, सराफाचे दुकान, कातडी कमावणारा कारागीर असे सगळे त्यात होते. मुख्य म्हणजे धान्य होते. भाव चढे होते, पण उपाशी शिपायाने ते आनंदाने दिले. मार्क विल्क्सने म्हैसूरच्या इतिहासात हा बाजार मोठ्या कौतुकाने रंगवला आहे.

या दोस्तीला जेमतेम वर्ष झाले होते. जून १७९० मध्ये पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि नाना फडणवीस यांनी करार ठरवला. पाठोपाठ हैदराबादचा निजाम अलीखानही सामील झाला. जिंकलेल्या मुलखाचे तिघांत समान वाटे करायचे होते. यातले कोणीच कोणाचे जुने मित्र नव्हते. सालबाईच्या तहाने मराठे आणि इंग्रज यांचे युद्ध थांबून आठच वर्षे झाली होती, आणि निजामाकडे मराठ्यांची चौथाईची बाकी तुंबलेली होती. तिघांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, टिपूचा धाक. नरगुंद आणि कित्तूर त्याने घेतले तेव्हा पुण्याला तो चांगलाच जाणवला होता.

मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी बसली आणि त्याचे दोन मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या छावणीत आले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. टिपू पुरता बुडावा असे मात्र नानांना वाटत नव्हते. तो नाहीसा झाला तर इंग्रजांना दक्षिणेत धरून ठेवणारे कोण उरणार, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो अचूक होता.

दोस्तांमध्ये पहिली ठिणगी मराठे आणि निजाम यांच्यात पडली. चौथाईच्या बाकीवरून बोलणी फिसकटली आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यावर लढाई झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. दौलताबाद आणि मोठी रक्कम कबूल करून त्याने सुटका करून घेतली. दिवाण मुशिरुल्मुल्क यालाही मराठ्यांच्या हवाली करावे लागले. तीन वर्षांपूर्वीचा दोस्त म्हणून निजामाने इंग्रजांची मदत मागितली होती. गव्हर्नर-जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिले. पुण्यात जल्लोष झाला, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेशवे सवाई माधवराव गेले आणि वारसाच्या भांडणात ती सगळी कमाई विरून गेली. अपमानित निजामाने १७९८ मध्ये कंपनीची तैनाती फौज पत्करली. खर्ड्याच्या विजयाची खरी किंमत ही होती, आणि मराठी इतिहासात ती पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही.

४ मे १७९९ रोजी टिपू श्रीरंगपट्टणात लढताना पडला. या वेळच्या युद्धात मराठे जवळपास नव्हतेच. कंपनीने त्यांना थोडा मुलूख देऊ केला, पण अटी घालून. निजामाशी असलेल्या तंट्यात इंग्रजांची मध्यस्थी मानणे ही त्यांतलीच एक. पेशवा दुसरा बाजीराव याने नकार दिला. तो वाटाही मग कंपनी आणि निजाम यांनी आपसात वाटून घेतला. पुढच्याच वर्षी नाना गेले.

दोस्तीत धान्याचे पैसे चुकते झाले. माहिती मात्र फुकटच दिली गेली. टिपूवरच्या आधीच्या मोहिमेत परशुरामभाऊंबरोबर कॅप्टन लिटलची मुंबईची पलटण होती. तिच्यातला एडवर्ड मूर हा तरुण अधिकारी मराठी फौजेची चाल, शिस्त, मुक्काम असे सगळे टिपत होता. त्याचे पुस्तक १७९४ मध्ये लंडनला छापून निघाले. १८०० मध्ये बंडखोर धोंडिया वाघाचा पाठलाग करत कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली मराठी मुलखात शिरला, तोही पुणे दरबारच्या संमतीने. या स्वारीने त्याला इथल्या नद्या आणि वाटा दाखवल्या. मराठ्यांशी लढायचे तर नद्या भरलेल्या असताना, पावसाळ्यातच, असे टिपण त्याने त्याच वर्षी करून ठेवले. स्वारांना भरलेली नदी अडवते. आपण होड्या तयार ठेवल्या की पार होऊ, असा त्याचा विचार होता.

तीन वर्षांनी, बाजीरावाने कंपनीशी केलेल्या वसईच्या तहानंतर, ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि कातड्याने मढवलेल्या गोल होड्यांतून फौज गोदावरीपार नेली. २३ सप्टेंबरला मराठ्यांशी असईची लढाई झाली.

धोंडियाच्या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूने लढणाऱ्यांत बापू गोखले होते. धोंडियाने त्यांचे चुलते धोंडोपंत यांना मारले होते, म्हणून ही लढाई त्यांच्या घरची झाली होती. १८०३ मध्येही बापू वेलस्लीच्या फौजेबरोबर होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या माळावर इंग्रजांवर चालून गेलेल्या पेशव्यांच्या फौजेचे सेनापती हेच बापू गोखले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टी येथे, पेशव्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी इंग्रज घोडदळाला तोंड दिले आणि तिथेच ते पडले.