ताडोबा ते भामरागड: पर्यटनाच्या जाळ्याविषयीचे गैरसमज

पर्यटक किती आले, याचे आकडे निघतात. त्यांना कोणी कोणाकडे पाठवलं, हे क्वचितच लिहून ठेवलं जातं. नेटवर्क सायन्स नेमका तोच हिशेब मांडतं.

गैरसमज १: पर्यटनस्थळ म्हणजे नकाशावरची जागा.
वस्तुस्थिती: ताडोबाचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा, भोवती 1,100 चौरस किलोमीटरचं बफर. पण पर्यटन चालवतात मोहर्ली गेटवरचे गाइड, जिप्सीवाले, होम-स्टे, रिसॉर्ट आणि ऑनलाइन बुकिंग. यातला प्रत्येक जण एक बिंदू. दोघांत गिऱ्हाईक, पैसा किंवा माहितीची देवाणघेवाण असेल, तर त्यांच्यात एक रेघ.

गैरसमज २: असं बिंदू-रेघांचं जाळं मांडणं हे सोशल मीडियाच्या काळातलं नवं खूळ आहे.
वस्तुस्थिती: गणितज्ञ ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं 1736 साली याच रीतीने सोडवलं. पुढे पर्यटन-संशोधक रोडोल्फो बाज्जो आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या एल्बा बेटावरच्या पर्यटन व्यवसायाचं जाळं मांडलं. ते विरळ निघालं. व्यावसायिकांचं आपसांतलं सहकार्य बेताचंच होतं.

गैरसमज ३: ज्याच्या ओळखी जास्त, तोच महत्त्वाचा.
वस्तुस्थिती: दोन भागांना जोडणारा एकच दुवा कधीकधी सर्वांत मोलाचा ठरतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. तिच्या ठेंगण्या पुलावरून पुराचं पाणी गेलं की वर्षानुवर्षं भामरागडचा संपर्क तुटत आला. तिकडे आलापल्लीला सिरोंचा, भामरागड आणि एटापल्लीचे रस्ते फुटतात. तिथे मुक्कामाला कोणी थांबो न थांबो, वाट तिथूनच जाते.

गैरसमज ४: ताडोबात गर्दी वाढली की गडचिरोलीला आपोआप पर्यटक मिळतील.
वस्तुस्थिती: जवळ असणं म्हणजे जोडलेलं असणं नव्हे. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला मराठवाड्यातून भाविक येतात, महाशिवरात्रीला गडचिरोलीतल्या वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला यात्रा भरते. सफारीचा पाहुणा मात्र बुकिंगची वेळ गाठून येतो आणि सफारी आटोपली की परततो. त्याला मार्कंड्याला न्यायचं, तर सुचवणारा गाइड, नेणारी गाडी आणि उतरायला खोली, तिन्ही एकमेकांना ठाऊक हवेत.

म्हणून नवं रिसॉर्ट मागण्याआधी गावाने एक कागद घ्यावा. प्रत्येक व्यावसायिकाला दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या हंगामात गिऱ्हाईक कोणी पाठवलं आणि तुम्ही ते पुढे कोणाकडे धाडलं? सगळ्या रेघा एकाच नावाशी जाऊन थांबत असतील, तर पहिलं काम तिथे दुसरी वाट काढण्याचं आहे.