बेटाबेटांची सफर आणि समोरचा किनारा

ग्रीस म्हटले की सांतोरिनीची पांढरी घरे आणि निळे घुमट डोळ्यांसमोर येतात. आम्ही दोघे मे महिन्याच्या सुटीत ग्रीसला गेलो, पण सांतोरिनीला गेलो नाही. पिरेअस बंदरातून कोस आणि कोसहून रोड्स, असा फेरीबोटीचा प्रवास केला. कारण एकच. या दोन बेटांवर आजही काही मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, हे वाचले होते आणि ते पाहायचे होते.

पिरेअस हे अथेन्सचे बंदर. त्याला ई-1, ई-2 असे क्रमांकांचे दरवाजे आहेत. आमचे जहाज ई-1 वर होते आणि तो दरवाजा मेट्रो स्टेशनपासून बराच लांब. तिकिटावरचा क्रमांक आधी पाहून ठेवला नाही, तर सामान ओढत धावपळ होते. जहाज म्हणजे कित्येक मजल्यांची इमारतच. त्याची मागची बाजू उतारासारखी खाली उघडते आणि ट्रक, मोटारी, दुचाकी, माणसे सगळे त्याच तोंडातून आत शिरतात. दाभोळ-धोपावेची फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. आकार मात्र कितीतरी मोठा. सामानाच्या कप्प्यांवर बेटांच्या नावांच्या पाट्या असतात. आपल्या बेटाच्या कप्प्यात बॅग ठेवायची आणि जिन्याने वर जायचे.

सर्वांत स्वस्त तिकीट डेकचे. त्यात केबिन नाही, ठरलेली खुर्चीही नाही. जागा आपली आपण शोधायची. आम्ही तेच काढले. दिवसा ऊन असले तरी रात्री वारा बोचतो, म्हणून स्वेटर आणि जाड चादर हवीच. खाण्याची अडचण आली नाही. कॅन्टीनमध्ये पालकाची आणि चीजची पाय मिळते. जेवणात घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, सॅलड, मासे असतात. मांस मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि रश्शात वाईन घातली आहे का हेही विचारावे. आम्ही घरून खजूर आणि दशम्या नेल्या होत्या.

मे अखेरीस तिथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. मगरिबची वेळ झाली तेव्हा प्रश्न पडला, किबला कुठे? आपल्या घरी बालपणापासून पश्चिमेकडे तोंड करायची सवय. वर्गातल्या मुलांना विचारले तर तीही म्हणतात, ‘किबला म्हणजे पश्चिम.’ पण एजियन समुद्रातून मक्का आग्नेय दिशेला येते. होकायंत्र पाहून आम्ही डेकच्या कोपऱ्यात जानमाज अंथरली. बाकावर बसलेल्या एका ग्रीक आजींनी न बोलता आपली पिशवी उचलून बाजूला घेतली. जहाज डोलत असताना उभे राहणे जमले तर उभ्याने, तोल जाण्याची भीती असेल तर बसून नमाज अदा करावी. बंदराला लागताना जहाज पाठमोरे वळते, तेव्हा आपणही जमेल तसे किबल्याकडे वळायचे. कसर आणि दोन नमाजा एकत्र करण्याबाबत निघण्यापूर्वीच आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावे.

लहान बेटांवर जहाज जेमतेम काही मिनिटे थांबते. घोषणा झाली की लगेच खाली उतरून तयार राहावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. तो फार वाढला की बंदराचे अधिकारी जहाजांना निघूच देत नाहीत. त्यामुळे परतीचे विमान आणि शेवटची फेरी एकाच दिवशी ठेवू नये. जहाज सुटले नाही म्हणून त्रागाही करू नये. सप्टेंबर 2000 मध्ये ‘एक्स्प्रेस सामिना’ ही फेरी पारोस बेटाजवळ खडकावर आदळून बुडाली आणि सुमारे 80 माणसे दगावली. हा समुद्र चित्रात दिसतो तितका शांत नाही.

फजर जहाजावरच अदा करून आम्ही कोसला उतरलो. शहराजवळच प्लातानी नावाचे गाव आहे. तिथे मशीद आहे, मुस्लिम कब्रस्तान आहे आणि चौकात खानावळी आहेत. खानावळीच्या मालकांना ग्रीक आणि तुर्की येत होती, आम्हाला दोन्ही येत नव्हत्या. सलाम मात्र दोघांनाही येत होता. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ही माणसे इथे राहिली कशी, याचा इतिहास विचार करायला लावतो. 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमानांना ग्रीस सोडावे लागले. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलत, तरी त्यांनाही जहाजांत बसून जावे लागले. भाषा कोणी विचारली नाही, फक्त धर्म विचारला. कोस आणि रोड्स त्या वेळी इटलीच्या ताब्यात होते, म्हणून तो करार इथे लागू झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 च्या तहाने, ही बेटे ग्रीसकडे आली. नकाशावरची एक रेघ वेगळी होती, म्हणून ही घरे टिकली.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो. समोर तुर्कस्तान दिसत होता. सर्वांत जवळच्या ठिकाणी मधले पाणी जेमतेम चार-पाच किलोमीटर. बोडरूमला जाणारी बोट तासाभराच्या आत पोहोचते. आम्हालाही मोह झाला, पण आमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. एकदा बाहेर पडलो असतो तर परत ग्रीसमध्ये येता आले नसते. ज्यांना दोन्ही किनारे पाहायचे आहेत, त्यांनी व्हिसा मागतानाच अनेक प्रवेशांचा मागावा आणि तुर्कस्तानचा वेगळा घ्यावा.

आमची अडचण एवढीच होती. पण याच पाण्यात 2 सप्टेंबर 2015 रोजी अॅलन कुर्दी हे सीरियन बाळ बुडाले. त्याचे आईवडील बोडरूमजवळून एका लहानशा बोटीतून कोसला निघाले होते. आई गेली, मोठा भाऊ गेला, वडील तेवढे वाचले. वाळूत पालथ्या पडलेल्या त्या लेकराचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. आम्ही ज्या पाण्याकडे बघत खजूर खात होतो, ते हेच पाणी. तिकीट असणाऱ्याला एक तासही लागत नाही. कागद नसणाऱ्याला त्यासाठी लेकरे गमवावी लागली. त्यानंतर आमच्याच्याने तिथे फार वेळ बसवले नाही.

दुसऱ्या दिवशी वेगवान कॅटामरानने सुमारे तीन तासांत रोड्सला पोहोचलो. तटबंदीच्या जुन्या शहरात सुलेमानिया मशिदीसमोर हाफिज अहमद आगा यांचे 1793 चे ग्रंथालय आहे. त्यात हस्तलिखित कुराण आणि अरबी, फारसी, तुर्की ग्रंथ जपून ठेवले आहेत. आम्ही शिक्षक असल्यामुळे तिथून पाय निघेना. राज्ये बदलली, झेंडे बदलले, तरी वाचणाऱ्यांसाठी दिलेला वक्फ उभा आहे.

शाळा उघडल्यावर आम्ही मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, किबला म्हणजे पश्चिम नव्हे. आपण कुठे उभे आहोत त्यावर दिशा ठरते. दुसरी, प्रवासाचा कागद खिशात असणे ही अल्लाहची मोठी नेमत आहे आणि तिचा हिशेब आहे. आपण सहलीच्या खर्चाचा अंदाज काढतो, तेव्हा त्यात एक रक्कम बेघर झालेल्यांसाठी सदक्याची लिहावी. अल्लाह समुद्रात अडकलेल्या प्रत्येकाला सुखरूप किनाऱ्याला लावो. आमीन.