मेक्सिकोत चिचेन इत्सा भरात होतं, तेव्हा गडचिरोलीत मार्कंडा घडत होता

निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि वर कड्यावर जुनं दगडी मंदिर. मेक्सिकोतल्या तुलुमचं हे रील तुमच्या फीडवर कधी ना कधी येऊन गेलं असेलच. माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष बघायचे आणि खाली उतरून बीचवर पाय ओले करायचे. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही गोष्टी होतात, म्हणून जगभरातले लोक तिकडे जातात.

आता असंच एक ठिकाण गडचिरोलीत आहे म्हटलं तर? समुद्र नाही, त्याची जागा वैनगंगेने घेतली आहे. बाकी वाळू आहे, शांतता आहे आणि हजार वर्षांपूर्वीची देवळं आहेत.

गावाचं नाव मार्कंडा, तालुका चामोर्शी. गडचिरोली शहरापासून साधारण ४० किलोमीटर. दक्षिणेकडे वाहत येणारी वैनगंगा इथे वळते आणि थोडं अंतर चक्क उत्तरेकडे जाते. नदी उत्तरवाहिनी झाली की ती जागा पवित्र, हा आपल्याकडचा जुना समज. त्याच वळणावर, नदीच्या अगदी काठाला हा देवळांचा समूह उभा आहे. गोष्ट मार्कंडेय ऋषींची. सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेला मुलगा, त्याला न्यायला आलेला यम आणि आडवा आलेला महादेव. त्यामुळे इथे महादेवासोबत यमधर्माच्या नावाचंही देऊळ आहे. यमाचं देऊळ आपल्याला रोज थोडंच बघायला मिळतं!

आता तारखा जुळवून बघा. चिचेन इत्सा या माया शहराचा भरभराटीचा काळ साधारण नववं ते बारावं शतक. मार्कंड्याची देवळंही अभ्यासक त्याच काळातली मानतात. तुलुम तर त्यानंतरचं, तेराव्या ते पंधराव्या शतकातलं. म्हणजे वयाच्या बाबतीत आपलं गडचिरोली कुठेच कमी पडत नाही.

मग एक जगप्रसिद्ध आणि दुसरं चंद्रपूरच्या पलीकडे फारसं कुणाला माहीत नाही, असं का?

एक कारण चित्रांचं आहे. जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन लेखक आणि फ्रेडरिक कॅथरवूड हा इंग्रज चित्रकार १८३९ मध्ये मध्य अमेरिकेच्या जंगलात शिरले. त्यांची पुस्तकं १८४१ आणि १८४३ मध्ये आली आणि तडाखेबंद खपली. कॅथरवूडची चित्रं म्हणजे त्या काळातलं रीलच समजा. मार्कंड्यालाही मोठा माणूस येऊन गेला होता. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात ही देवळं पाहिली आणि त्यांची शैली खजुराहोच्या वळणाची असल्याचं नोंदवलं. पण ते सगळं गेलं सरकारी अहवालात, आणि सरकारी अहवाल सुट्टीत कोण वाचतं?

दुसरं कारण बदनामीचं. गडचिरोली म्हणजे नक्षलवाद, एवढंच समीकरण कित्येक वर्षं बातम्यांमधून डोक्यात बसलं. ताडोबाला वाघ बघायला येणारी गर्दी म्हणूनच मूलच्या पुढे फारशी सरकत नाही.

कनिंगहॅम यांच्या त्या तुलनेतून पुढे ‘विदर्भाचं खजुराहो’ हे बिरुद चिकटलं. खरं सांगायचं तर त्याने फायद्यापेक्षा तोटाच जास्त झालाय. लोक येतात, मैथुनशिल्पं शोधतात, सेल्फी काढतात आणि निघतात. भिंतींवरच्या देवता, सुरसुंदरी, हत्ती यांच्याकडे बघायला वेळच उरत नाही. दुसरा गैरसमज ‘हेमाडपंती’चा. दगडी देऊळ दिसलं की आपण हा शिक्का मारून मोकळे होतो. पण हेमाद्री म्हणजे हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. ही देवळं त्याच्या आधीची.

आणखी एक गंमत. माया लोक ‘गायब झाले’ असं आपण सर्रास ऐकतो. ते कुठेही गेलेले नाहीत. मेक्सिको आणि ग्वाटेमालात आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. मार्कंडाही ‘हरवलेला’ वगैरे नाही. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांतून माणसं येतात. शोध लागायचाय तो बाहेरच्यांना.

पण या देवळांचं नशीब तसं खडतरच. वीज पडून मुख्य मंदिराचं शिखर कोसळलं आणि पुढे गोंड राजांच्या काळात त्याची डागडुजी झाली, असं सांगितलं जातं. आणि अलीकडे जीर्णोद्धारासाठी याच मंदिराचे दगड उतरवले गेले, मग काम वर्षानुवर्षं रखडलं. अशा कामाची पद्धत अशी असते की दगड काढताना त्यावर नंबर टाकायचा, नकाशात त्याची जागा लिहायची आणि त्याच क्रमाने तो पुन्हा चढवायचा. मोठ्या कोड्याचे तुकडेच म्हणा ना. हे तुकडे उन्हापावसात जितके जास्त दिवस पडून राहणार, तितका नंबर पुसट होण्याचा, कोपरा उडण्याचा धोका वाढणार. एक दगड चुकीच्या जागी बसला तर त्यावरचा अर्धा देव एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे. स्थानिक लोक या कामासाठी ओरडत राहिले ते उगाच नाही.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या मूल मारोडा स्टेशनला उतरायचं किंवा नागपूरहून गाडीने यायचं. हिवाळ्यात पाणी ओसरलं की नदीत वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो, संध्याकाळी तिथे नुसतं बसून राहिलं तरी चालतं. पोहायला मात्र उतरू नका. वैनगंगेत डोह आहेत आणि वरून ते कळत नाहीत. पावसाळ्यात तर वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की इथलं पाणी चढतं. गर्दी आवडत असेल तर शिवरात्र गाठा. शिल्पं नीट बघायची असतील तर शिवरात्र सोडून कुठल्याही साध्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा, तिरप्या उन्हात कोरीव काम सगळ्यात स्पष्ट दिसतं.