कात्रणवहीपासून कलारोजनिशीपर्यंत : संमिश्र माध्यमातील हस्तनिर्मित वह्यांचा छंद आणि जपणुकीचा प्रश्न

सारांश

चित्र, हस्ताक्षर, कात्रण, छायाचित्र, कापड, वाळलेली पाने-फुले अशा भिन्न साधनांना एका वहीत एकत्र आणणारी कलारोजनिशी व घरी बांधलेला अल्बम हा आज अनेकांचा आवडता छंद आहे. प्रस्तुत लेखात या छंदाचे स्वरूप, त्याची पूर्वपरंपरा, त्यातील साधनांचे गुणधर्म आणि त्यातून उद्भवणारा मूळ दस्तऐवजाच्या जपणुकीचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे. स्मृती जपण्यासाठी केलेली वही चुकीच्या साधनांमुळे किंवा अविचारी कातरकामामुळे त्याच स्मृतीच्या नाशाला कारण ठरू शकते, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

बीजसंज्ञा : कलारोजनिशी, कात्रणवही, मुरक्का, संमिश्र माध्यम, हातकागद, जतन.

१. प्रस्तावना

मराठी मध्यमवर्गीय घरांत कात्रणवही ही अपरिचित वस्तू नाही. वर्तमानपत्रातील लेख, पाककृती, क्रिकेटपटूंची चित्रे किंवा थोर पुरुषांची छायाचित्रे जुन्या हिशेबवहीत चिकटविण्याची सवय गेल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेली आहे. महाविद्यालयाच्या निरोपसमारंभात हातोहात फिरणारी स्वाक्षरीवही हे त्याच प्रवृत्तीचे दुसरे रूप होय. मात्र या वह्यांकडे बहुधा फावल्या वेळचा उद्योग म्हणूनच पाहिले गेले. छायाचित्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर साठू लागल्यानंतर हाताने वही करण्याची ओढ कमी होईल, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात वही बांधणे, पाने रंगविणे आणि त्यांवर थर चढविणे यांची आवड टिकून राहिली आहे. म्हणून या छंदाचा सुसूत्र परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

२. उद्दिष्टे

१) कलारोजनिशी व हस्तनिर्मित अल्बम यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या छंदाच्या पूर्वपरंपरेतील निवडक उदाहरणांचा परामर्श घेणे.
३) कागद, चिकटद्रव्य व रंग यांच्या गुणधर्मांचा वहीच्या आयुष्यावर होणारा परिणाम सांगणे.
४) महाविद्यालयीन जीवनाच्या संदर्भात या छंदाच्या शक्यता व मर्यादा तपासणे.

३. संज्ञा आणि स्वरूप

कात्रणवहीत संग्रहाला, अल्बममध्ये क्रमाला आणि कलारोजनिशीत अभिव्यक्तीला प्राधान्य असते. कात्रणवही करणारा ‘काय ठेवावे’ हे ठरवितो. अल्बम करणारा ‘कशानंतर काय यावे’ हे ठरवितो. कलारोजनिशी लिहिणारा मात्र त्या दिवशीच्या मनःस्थितीला रंग, शब्द आणि वस्तू यांतून जे रूप मिळेल ते पानावर उतरवितो. व्यवहारात या तिन्ही प्रकारांच्या सीमारेषा पुसट असतात. एकाच वहीत आजीचे छायाचित्र, एस.टी.चे तिकीट, जलरंगाचा डाग आणि चार ओळींची नोंद सुखाने नांदू शकतात. अशा पानाला ‘संमिश्र माध्यम’ म्हणतात, कारण त्यात एकाहून अधिक प्रकारची साधने एकाच पृष्ठभागावर, बहुधा एकावर एक अशा थरांनी, वापरलेली असतात.

४. पूर्वपरंपरा

४.१ मुरक्का : ‘मुरक्का’ या अरबी-फार्सी शब्दाचा मूळ अर्थ ‘ठिगळे लावून केलेले’ असा आहे. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या वस्त्रालाही हाच शब्द लावला जाई. मराठी वाचकाला येथे गोधडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. मोगल दरबारातील मुरक्के हे याच अर्थाने जोडकामाचे ग्रंथ होते. जहांगीराच्या काळातील, आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात असलेल्या ‘मुरक्का-ए-गुलशन’मध्ये फार्सी सुलेखनाचे तुकडे, दरबारी चित्रे आणि युरोपीय छापचित्रे एकत्र आलेली आहेत. भिन्न काळ व भिन्न देश यांतून आलेल्या या तुकड्यांना एकरूपता देण्याचे काम त्यांच्याभोवतीचे सोनेरी, चित्रित हाशिये करतात. समोरासमोरची दोन पाने चित्रांची, पुढची दोन सुलेखनाची, अशी मांडणी या ग्रंथांत सर्वसाधारणपणे आढळते. आजच्या अल्बमकाराला पडणारा ‘विजोड वस्तू एकत्र कशा बसवाव्यात’ हा प्रश्न त्या काळच्या कारागिरांनी हाशियाच्या आधारे सोडविला होता.

४.२ युरोपातील वह्या : वाचलेल्यातील निवडक मजकूर विषयवार उतरवून ठेवण्याची पद्धत युरोपात दीर्घकाळ रूढ होती. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने अशा टिपणवहीची सूची कशी करावी, याची रीत १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी रूप १७०६ मध्ये आले. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या धर्मोपदेशकाचा इंग्लंडच्या चरित्रात्मक इतिहासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कोरीव व्यक्तिचित्रांची नोंद होती. वाचक ती चित्रे मिळवून ग्रंथात बसवू लागले. पुढे या छंदाला एवढा जोर चढला की, एका ग्रंथाची शोभा वाढविण्यासाठी दुसऱ्या ग्रंथांतील चित्रे फाडून काढली जाऊ लागली.

याच काळात मेरी डिलेनी या इंग्रज विदुषीने १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून वनस्पतींच्या प्रतिमा करण्यास आरंभ केला. काही प्रतिमांत तिने खरी पानेही चिकटविली. दृष्टी मंदावल्याने १७८२ च्या सुमारास हे काम थांबले, तोवर सुमारे एक हजार प्रतिमा सिद्ध झाल्या होत्या. त्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हौसेने सुरू केलेले काम निरीक्षणाच्या बळावर वनस्पतिशास्त्राच्या किती जवळ जाऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकात छापील कागद विपुल झाला आणि कात्रणवही सर्वसामान्य घरांत पोहोचली. अमेरिकन साहित्यिक मार्क ट्वेन याने १८७३ मध्ये पानांवर आधीच गोंदाच्या पट्ट्या असलेल्या कात्रणवहीचे एकस्व मिळविले. पट्टी ओली केली की कात्रण चिकटे.

४.३ आधुनिक काळ : १९१२ मध्ये पाब्लो पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड आणि दोर चित्रात वापरले. त्यानंतर चिकटकाम ही कलाविश्वात मान्यता पावलेली पद्धती झाली. मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिडा काहलो हिने आयुष्याच्या अखेरच्या दशकात ठेवलेली सचित्र रोजनिशी आणि १९९३ मध्ये मोगादिशू येथे मारला गेलेला तरुण छायाचित्रकार डॅन एल्डन याच्या छायाचित्रे, कात्रणे व रंग यांनी भरगच्च झालेल्या वह्या ही कलारोजनिशीची सुपरिचित उदाहरणे आहेत. एल्डनच्या वह्यांतील निवडक पाने १९९७ मध्ये ग्रंथरूपाने आली. टॉम फिलिप्स या ब्रिटिश कलावंताने १९६६ मध्ये एक जुनी, विस्मृतीत गेलेली कादंबरी विकत घेऊन तिच्या पानापानावर रंगकाम केले. काही शब्द तेवढे उघडे ठेवून त्याने नवीच कृती निर्माण केली आणि पुढे अनेक दशके तो तिच्यात भर घालीत राहिला. आपल्याकडे पोथीतील चुकीची अक्षरे पिवळ्या हरताळाने झाकून त्यावर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पूर्वीचा मजकूर झाकून नवा लिहिण्याची क्रिया दोन्हींकडे समान असली, तरी पोथीकाराचा हेतू शुद्धीचा, तर फिलिप्सचा हेतू नवनिर्मितीचा होता.

५. साधने आणि त्यांचे गुणधर्म

५.१ कागद : वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला असून त्यात लिग्निन हे द्रव्य राहिलेले असते. प्रकाश व हवा यांच्या संपर्काने ते पिवळे पडते आणि कागद ठिसूळ होतो. त्यातील आम्ल शेजारच्या पानावर व छायाचित्रावरही उतरते. म्हणून कात्रण मूळ स्वरूपात चिकटविण्याऐवजी चांगल्या कागदावर काढलेली त्याची प्रत चिकटविणे श्रेयस्कर असते. यंत्रातून निघणारी तिकिटे व पावत्या अनेकदा उष्णतासंवेदी कागदावर असतात. त्यांवरील अक्षरे कालांतराने उडून जातात, त्यामुळे त्यांचीही प्रत काढणे आवश्यक ठरते.

सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद या कामास उत्तम, कारण त्यातील तंतू लांब असतात व त्यात लिग्निन जवळजवळ नसते. महाराष्ट्रात या कागदाची परंपरा जुनी आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव या व्यवसायासाठीच ओळखले जाते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून हातकागदाला उत्तेजन दिले, तर पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. तथापि, ‘हाताने केलेला म्हणजे आम्लरहित’ हे समीकरण बरोबर नाही. शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ व तुरटी वापरली असल्यास हातकागदही आम्लयुक्त होऊ शकतो.

५.२ चिकटद्रव्ये : गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिष्टाची खळ हे फार जुने आणि आजही जतनतज्ज्ञांच्या पसंतीचे चिकटद्रव्य आहे. पाण्याचा हात लावून ते पुन्हा सोडविता येते, हा त्याचा मोठा गुण. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत होती. परंतु तांब्याच्या अंशामुळे कागदाचा ऱ्हास वेगाने होत असल्याने ती आता टाळावी. बाजारातील पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉलसारखे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, बांधणीसाठी भक्कम असते. मात्र वाळल्यावर ते सहज सुटत नाही, म्हणून मूळ छायाचित्राच्या पाठीला ते लावू नये. पारदर्शक चिकटपट्टी तर सर्वांत घातक. तिचे चिकटद्रव्य काही वर्षांत पिवळे होऊन कागदात मुरते. चिकट पाने व वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या तयार अल्बमांतून लग्नाची छायाचित्रे सोडविताना ती फाटल्याचा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. छायाचित्राचे चार कोपरे कागदी कोंदणात खोचणे हा साधा व निर्धोक उपाय होय.

५.३ रंग व थर : पातळ कागदावर जलरंग दिल्यास तो आकसतो व वाकतो. अशा कामास साधारणतः २०० ते ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा कागद घ्यावा. लघुचित्रकार कागदाचे अनेक ताव एकमेकांस चिकटवून व घोटून ‘वसली’ तयार करीत, त्यामागेही पृष्ठभाग ताठ व गुळगुळीत व्हावा हाच हेतू होता. खडूसारखी पूड आणि बंधकद्रव्य यांच्या मिश्रणाचा ‘जेसो’ हा अस्तर म्हणून देतात. त्यामुळे रंग कागदात न मुरता वर राहतो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावरही उष्णतेने किंचित मऊ पडतो आणि दाबाखाली समोरासमोरची पाने एकमेकांना चिकटतात. उन्हाळ्यात, त्यातही कोकणासारख्या दमट हवेत, पानांमध्ये मेणकागद घालून ठेवणे म्हणूनच इष्ट असते.

५.४ बांधणी : चिकटकामाने प्रत्येक पानाची जाडी वाढते, पण शिवणीजवळची जाडी तेवढीच राहते. परिणामी वही तोंडाशी फुगते व शिवण ताणली जाते. यावर उपाय म्हणजे बांधणीच्या वेळीच दर दोन पानांमध्ये शिवणीजवळ जाड कागदाची अरुंद पट्टी घालणे. नवशिक्याची वही अर्ध्यावरच उसवते, त्याचे कारण बहुधा ही पट्टी न घालणे हेच असते.

६. जपणूक आणि मोडतोड

वरील विवेचनावरून एक गोष्ट लक्षात येते. वही करणे म्हणजे एका अर्थी कातरणेही असते. मुरक्का करताना जुन्या हस्तलिखितांतील सुलेखनाचे तुकडे कापले गेले, तर ग्रेंजरच्या वाचकांनी इतर ग्रंथ विद्रूप केले. विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द काही मुरक्केच उसवून त्यांची पाने सुटी विकली गेली.

मराठी घरांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या वाड्यांतील रुमालात बांधलेले मोडी कागद, आजोबांची पत्रे, खरेदीखते यांचे ‘जुनेपण’ आजच्या छंदिष्टाला पार्श्वभूमी म्हणून मोहक वाटते. मोडी वाचणारे आज थोडे असल्याने त्या कागदावर काय लिहिले आहे, हे न जाणताच त्यावर रंग चढण्याचा धोका असतो. एखाद्या गावाच्या पाण्याची, जमिनीची किंवा नातेसंबंधांची एकमेव नोंद अशा रीतीने शोभेच्या पानाखाली गाडली जाऊ शकते. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते कापू नये आणि जे वाचलेले नाही ते झाकू नये. प्रत काढणे आज सुलभ झाल्याने हे पथ्य पाळणे अवघडही नाही.

नोंदीचा अभाव हा दुसरा दोष होय. कोणाचे, कोठले, केव्हाचे हे न लिहिलेले छायाचित्र पुढच्या पिढीला मुके असते. सुंदर सजविलेल्या पानावर एवढ्या तीन गोष्टी लिहिण्यास जागा नसेल, तर ती सजावट अपुरीच म्हणावी लागेल.

७. महाविद्यालयीन संदर्भ

इतिहास विभागास गावाचा अल्बम, वनस्पतिशास्त्र विभागास परिसरातील वनस्पतींची सचित्र वही, मराठी विभागास बोलीतील शब्दांची चित्रित टिपणवही असे उपक्रम अल्प खर्चात घेता येतात. मात्र येथे एक विवेक आवश्यक आहे. उपक्रम म्हणून केलेला अल्बम तपासता येतो, पण व्यक्तिगत कलारोजनिशीला गुण देणे उचित नाही. ती तपासली जाणार आहे हे कळताच विद्यार्थी स्वतःसाठी न लिहिता परीक्षकासाठी लिहू लागतो आणि रोजनिशीचे प्रयोजनच संपते. शिक्षकाने साधने, बांधणी व जपणूक शिकवावी. आत काय उतरावे, हे विद्यार्थ्यावर सोपवावे.

८. निष्कर्ष

१) कलारोजनिशी हा नवा वाटणारा छंद मुरक्का, टिपणवही व कात्रणवही यांच्या दीर्घ परंपरेशी जोडलेला आहे.
२) वहीचे आयुष्य मुख्यतः कागदातील आम्ल, चिकटद्रव्याचा प्रकार व बांधणीतील मोकळीक यांवर अवलंबून असते.
३) मूळ दस्तऐवज जपून प्रतींवर काम करणे आणि प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणे ही या छंदाची किमान शिस्त होय.
४) महाविद्यालयात या छंदास स्थान देताना सामूहिक अल्बम व खासगी रोजनिशी यांतील भेद पाळला पाहिजे.

गोधडी शिवणारी बाई चांगले लुगडे फाडून ठिगळे करीत नाही. जे विरले, जे उरले, त्यालाच ती पुन्हा कामी आणते. हस्तनिर्मित वहीचा छंद जोपासणाऱ्याने एवढे भान राखले, तर त्याची वही त्याच्यासाठी आनंदाचे आणि पुढील पिढ्यांसाठी माहितीचे साधन ठरेल.